खंडेनवमीला उघडलेलं घड्याळ

डॉक्टरांनी बाबांना नागपूरला जाऊन पेसमेकर बसवून घ्यायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात बाबांनी लष्करी छावणीतल्या एका बंगल्याच्या लिलावातून भिंतीवरचं मोठं घड्याळ आणलं. नाडी इतकी मंद, की जिना चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि हे गृहस्थ सायकलरिक्षात घड्याळ मांडीवर घेऊन मदन महलच्या आमच्या घरापर्यंत आले! माझा पारा चढला. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "काहून ओरडून राहिला? आधी याचा निकाल लाव. मग नागपूरचं बघू."

निकाल म्हणजे घड्याळ कुणी बनवलं, कुठे बनवलं आणि अस्सल आहे की नाही. हा आम्हा बापलेकांचा जुना नाद. लिलावातून काहीतरी आणायचं, कधी कंदील, कधी दुर्बीण, आणि मग त्याची कुळकथा शोधत बसायचं. या घड्याळाबद्दल बाबांचं मत ठाम होतं. विलायती आहे, रेल्वे स्टेशनावरचं आहे, आणि पेटी, मशीन, लंबक सगळं एकाच घरचं. बदललेला पुर्जा त्यांना खपत नसे. तसल्या वस्तूला ते 'बाटलेली' म्हणत आणि परत तिच्याकडे बघतही नसत. एरवी मला यात मजा वाटली असती. आता बाबा नुसतं टाळताहेत हे दिसत होतं, आणि टाळायला त्यांनी माझ्याच आवडीची वस्तू निवडली होती.

मला बसवेना. मी शिकवत होतो त्या कॉलेजच्या वाचनालयातून घड्याळांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. काट्यांची टोकं, आकड्यांची वळणं चित्रांशी ताडून पाहिली. तबकडीवर चाराचा रोमन आकडा चार उभ्या काड्यांचा आहे, एवढ्यावरच बाबा खूश. अहो, तसा तर निम्म्या जगातल्या घड्याळांवर असतो! खरी खूण मशीनच्या पाठीवर असणार, शिक्का तिथेच मारतात. म्हणजे घड्याळ थांबवायचं, तबकडी काढायची आणि मशीन बाहेर घ्यायचं.

इथे आई आडवी आली. "यांची तब्येत अशी, आणि तू घरातलं चालतं घड्याळ बंद करून राहिला? हात लावून तर बघ." मी समजावलं, चिडलो, एकदा जेवणावरून उठलोसुद्धा. आई ढिम्म. बाबा अंगणातल्या खुर्चीत बसून लंबकाची टकटक ऐकत आणि मधूनच कठड्याला धरून उठत. ते उठले की मी हातातलं टाकून धावे. रात्रंदिवस डोक्यात एकच, हे घड्याळ एकदाचं उघडू दे.

वाट आईनंच काढली. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं विसाव्याला असतात. विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना आंघोळ आणि सुट्टी. सकाळी पाट मांडता मांडता ती म्हणाली, "आणा ते घड्याळ पण. आज ते बंद नाही, आज ते सुट्टीवर आहे." मी स्टुलावर चढलो तो धावतच. तबकडीचे स्क्रू काढून मशीन बाहेर घेतलं, पाटावर ठेवलं आणि चष्मा शोधायला वळलो. तेवढ्यात आईनं शिक्क्यावरच हळदीकुंकू लावलं. "अगं, तिथं नको!" मी किंचाळलो. "मग कुठं लावू? तोंड तर तू काढून ठेवलं," ती म्हणाली.

फडक्यानं पुसल्यावर शिक्का दिसला. जपानी. रिकाम्या पेटीत विजेरी मारली, तर मागच्या फळीवर स्क्रूची जुनी भोकं होती, या मशीनच्या कामाची नसलेली. शेजारी एक काळपट गोल डाग. तिथे कधीकाळी दुसरीच घंटा बसवलेली होती. पेटी एकाची, पोट दुसऱ्याचं.

मला आनंद व्हायला हवा होता. उलट धडकी भरली. बाबा आता म्हणणार, बघ, बाहेरचं मशीन बसवलं की वस्तू बाटते. पण निकाल सांगितल्याशिवाय नागपूरचं नाव निघणार नव्हतं. मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. "बाबा, जोडकाम आहे. मशीन जपानी, पेटी दुसऱ्याच घड्याळाची." मग मनात घाईघाईनं जुळवलेलं वाक्य सुरू केलं, की बाहेरचं मशीन बसवूनसुद्धा हे घड्याळ किती वर्षं बिनतक्रार...

"राहू दे," ते म्हणाले. "ते कॉलेजात शिकव. लिलावाच्या आधी मी तबकडी काढून पाहिली होती. ती भोकं मला तवाच दिसली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग मला काहून धावडवलं?"

"तुला शोधायला वेळ लागला असता ना," ते म्हणाले. बराच वेळ चादरीची घडी चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "भीती वाटून राहिली रे मला."

माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी हा शब्द स्वतःबद्दल वापरला नव्हता. मी खाटेवर त्यांच्याजवळ बसलो.

"मलाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, भाड्याच्या जीपमधून नागपूरला निघालो. गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल मागे पडला, तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.