उजवा आरसा

आमचे हे सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म मोजमापाची उपकरणं बनवत, आणि आमच्या मोटारसायकलचा उजवा आरसा मान टाकलेल्या कोंबडीसारखा लोंबत असे. त्यात रस्ता सोडून यांचा गुडघा तेवढा दिसे.

म्हणून आरशाचं काम माझ्याकडे आलं. मी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. संध्याकाळी हे न्यायला आले की मी मागे बसून, मान वळवून बातम्या देई.

"मागे ट्रक."

"अंतर?"

"अहो, टेप नाही आणली मी!"

चेष्टा खरी, पण पंजाबातले ते अतिरेक्यांचे दिवस वाईट होते. मागून येणारी मोटारसायकल उगाच हळू झाली की मी यांना वेग वाढवायला सांगे. नाक्यावरच्या जवानाला मात्र संशय माझ्याच शालीचा. "बीबीजी, शॉल के अंदर क्या है?" मी शाल बाजूला करी. आत सातवा महिना. बिचारा लाजून आम्हाला घाईघाईने पुढे घालवी.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सोलापूरला. तिकीट हातात आलं तशी माझी झोप उडाली. आता हे अंधारात एकटे घरी येणार, आणि मागे कोण आहे ते यांना कोण सांगणार? "आरसा घट्ट झाल्याशिवाय मी रेल्वेत पाय ठेवणार नाही," मी बजावलं.

मिस्त्रीचं नाव काढलं तर यांना अपमान वाटे. रविवारी व्हरांड्यात पान्यांचा संसार मांडला गेला. डावा आरसा झटक्यात बसला. उजवा मात्र जितका पिळावा तितका सैल. वॉशर घालून झाला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून झाला, कागदावर आकृतीसुद्धा काढून झाली.

"धातू थकलाय," हे म्हणाले.

"मीही," मी म्हणाले.

हे जेवायला आत गेले. मला असा संताप आला की आरसा काढून सरळ मिस्त्रीकडे पाठवावा म्हणून मी तो उलटा पिळायला घेतला. तर तो निघायच्या ऐवजी बसतच चालला! उजव्या आरशाचे आटे मुळातच उलटे होते. घट्ट करायच्या नावाखाली आमचे शास्त्रज्ञ सकाळपासून तो सोडवत होते.

हात धुऊन हे बाहेर आले. आरसा हलवून पाहिला, हलेना.

"मला शंका होतीच," हे म्हणाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलातून परतताना मी सवयीने म्हणाले, "मागे ट्रक."

"दिसतोय," हे म्हणाले.

माझं काम फत्ते झालं होतं, आणि मला रडू यायला लागलं. मी मागे बघणं सोडलं. एक चौक गेला, दुसरा गेला. आरसा जागच्या जागी ताठ, त्यात अख्खा रस्ता लख्ख.

मग हे हळूच म्हणाले, "अगं, मागे काय आहे?"