दादांचा सातबारा

मंडळी, आज दुपारी दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, गंगापूरहून बोलावून पिक्चरला नेलं. मी चित्रं काढते. मला परदेशात शिकायला जायचंय, आणि दोन महिने दादा त्यावर एक शब्द बोलले नव्हते.

पिक्चर लई अजब! परदेशात राहणारा चित्रकार व्हिसासाठी हेलपाटे घालतो आणि साहेब चक्क कपाटात बसून कागद मागतो. साहेबानं विचारलं, "तू मायदेशी परत जाशील, याचा पुरावा काय?"

दादा अंधारातच ओरडले, "आरं, सातबारा लाव की!"

अख्खं थेटर हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "तुझ्या फायलीला आपला सातबारा लावलास का? नाय? उद्या तलाठ्याकडून आणतो."

मंडळी, बॅग भरायला घेऊ ना?