खड्डे पडलेला तवा

तिच्या गळ्यातली शिट्टी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. आंघोळीला जाताना ती खिळ्याला अडकवते की घालूनच जाते, यावर क्लबातल्या पोरापोरींच्या पैजा लागायच्या. तिचं खरं नाव मागे पडलं होतं. तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'शिट्टी'. हे तिलाही ठाऊक होतं. "मागे म्हणता तेच पुढे म्हणा की! लाजायला मी काय तुमची सासू आहे?" असं म्हणून ती समोरच्यालाच लाजवायची.

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या खाणीत क्लबाची नेमबाजीची रेंज होती. एका अंगाला पत्र्याची शेड, दुसऱ्या अंगाला मातीचा उंच बांध, मध्ये मोकळं मैदान. रायफल ही बड्या लोकांची हौस, असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तिच्या बाबांनी ती उभी केली होती. बाबा ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपुढे राबले. सुट्टीच्या दिवशी चार कामगार सोबत्यांना घेऊन त्यांनी खाणीतला राडारोडा उपसला, बांध घातला, जुन्या दोन रायफली रीतसर परवाने काढून मिळवल्या. पुढे तिथे बस चालवणारा आला, नर्स आली, न्हावी आला, कॉलेजातली मुलं आली. नेम धरताना सगळ्यांचा श्वास सारखाच थांबतो, हे बाबांचं आवडतं बोलणं. बाबा गेले आणि शिट्टी तिच्या गळ्यात आली.

रायफली पॉइंट टू-टूच्या. गोळी शेंगदाण्याएवढी, मऊ शिशाची, आवाजही फटाक्यासारखा नाही, फळी आपटल्यासारखा. म्हणून नवा आलेला हमखास म्हणायचा, "ही तर खेळण्यातली." तिचं डोकं तिथेच फिरायचं.

एकदा एका नव्या सभासदाने खाणीत साचलेल्या पाण्यावर तरंगणारा डबा पाहिला आणि हिने शिट्टी तोंडात धरायच्या आत गोळी झाडली. डबा हललाही नाही. पाण्यावरून ठिकरी उड्या मारत जाते तशी गोळी पाण्याला शिवली, उचलली गेली आणि काठ ओलांडून दिसेनाशी झाली. हिने रायफल काढून घेतली, रिकामी केली, आणि त्या बाप्याला दंडाला धरून खाणीपलीकडच्या लाँड्रीपर्यंत चालवत नेलं. लाँड्रीच्या पत्र्याला नवं भोक पडलं होतं. भोकाखाली एक बाई इस्त्री फिरवत होती.

"सांग हिला," ती म्हणाली. "सांग, खेळण्यातली होती म्हणून."

इस्त्रीवालीला काहीच कळेना. ती बिचारी म्हणाली, "कपडे द्यायचेत का?"

तेव्हापासून तिचे नियम क्लबात पाढ्यांसारखे पाठ होते. पाण्यावर गोळी नाही, दगडावर नाही, कडक जमिनीवर नाही. मऊ, गोल नाकाची, सावकाश धावणारी गोळीच हटकून उसळते, आणि उसळली की ती कुणाच्याच बापाची राहत नाही. गोळी कुठे थांबणार ती जागा आधी बघायची, मगच बोट चापावर. ती स्वतः बांधाची माती खोऱ्याने उकरून चाळायची, खडे वेचून बाहेर फेकायची, निशाणांमागे साचलेलं शिसं काढायची. आणि चष्मा. गोळी मारणाऱ्याला चष्मा, बघणाऱ्याला चष्मा, नुसता चहा घेऊन आलेल्यालाही चष्मा. चहावाला एकदा कुरकुरला, "बाई, मी काय उडवणार आहे?" तर म्हणाली, "तू नाही रे, पण डोळे तुझेच आहेत ना?"

एवढी कडक बाई. पण रेंजवर एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे तिचे सगळे नियम गुडघे टेकायचे. ती म्हणजे तवा.

तवा स्वयंपाकघरातला नव्हे. बाबांनी भंगारातल्या बॉयलरच्या झाकणातून जाड गोल चकती कापली होती आणि बांधासमोर साखळीने टांगली होती. कुणी क्लबाची नेमबाजीची परीक्षा पास झालं की त्याने तव्यावर एक गोळी मारायची. तवा वाजला की शेडमधले सगळे टोप्या काढायचे. तो टणत्कार खाणीच्या भिंतींवर फिरून परत यायचा आणि बाबांचे डोळे भरायचे. आणखी एक रीत बाबांनीच पाडली होती. एरवी तवा लांब होता, पण या एका गोळीसाठी नेमबाजाने तव्याजवळ ठोकलेल्या पुढच्या खुंटीपर्यंत यायचं. "आज कुणाचा नेम चुकायला नको," बाबा म्हणायचे. घरचे, मित्र, सगळे त्याच्या मागे गोळा व्हायचे. लग्नातल्या फोटोसारखे.

बाबा गेल्यावर ती त्या आवाजासाठी जगायची म्हटलं तरी चालेल. तवा वाजला की शिट्टी ओठात धरून ती क्षणभर तशीच उभी राहायची. मग खेकसायची, "चला, टोप्या घाला, काम पडलंय."

वर्षानुवर्षं मार खाऊन तव्याला खड्डे पडले. देवी येऊन गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा तो दिसू लागला. क्लबातले जुने लोक बोट लावून सांगायचे, हा खड्डा माझा, हा माझ्या मेव्हण्याचा. कुणाला त्यात धोका दिसला नाही. दिसला तो बस चालवणाऱ्या ड्रायव्हरकाकांना.

"बाई," ते एकदा शेडच्या खांबाजवळ उभे राहून म्हणाले, "हे बघा."

खांबाच्या लाकडात शिशाची एक चपटी कपची रुतली होती. नखाएवढी, कडा पात्यासारख्या धारदार.

"सपाट लोखंडावर गोळी फुटून बाजूला पसरते. खड्ड्यात पडली की वाटीतल्या पाण्यासारखी परत तोंडावर येते. तवा उतरवा. नाहीतर नवं, कडक पोलाद आणा, खाली झुकवून टांगा, लांब टांगा."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनेच दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण ड्रायव्हरकाकांनी तव्याला हात घातला होता.

"काका, तुम्ही बस चालवा. रेंज मी चालवते."

"चालवा की. पण ब्रेक लागत नाही म्हटल्यावर मी गाडी डेपोबाहेर काढत नाही, एवढंच सांगतो."

तिने चाकूने ती कपची उकरून काढली, मातीत टाकली आणि म्हणाली, "पुढच्या हंगामात बघू."

पुढचा हंगाम आला. तवा होता तिथेच होता.

तिची धाकटी बहीण शिवणकाम करायची. तिच्या घरात पुढची खोली म्हणजे दुकान. कापायचं टेबल, पायमशीन, भिंतीला मापाची फीत, आणि सुयांनी भरलेली एक गादी. धाकटीला रायफलीचं काडीचं प्रेम नव्हतं. "ताई, तुम्ही भोकं पाडा, मी शिवते," असं म्हणायची. पण तिची मुलगी मावशीच्या मागे लागून रेंजवर आली आणि वर्षभरात अशी तयार झाली की कागदावर तिच्या गोळ्या एकीत एक जायच्या. बाप लहानपणीच गेलेली पोर. तिने परीक्षा दिली आणि पहिली आली. तव्याचा मान तिचा.

त्या दिवशी धाकटी नवी साडी नेसून रेंजवर आली. मावशीने भाचीला पुढच्या खुंटीपाशी उभं केलं, मागे सगळ्यांना ओळीने उभं केलं, एकेकाचा चष्मा बघितला. धाकटीचा स्वतःच्या हाताने नाकावर नीट बसवला.

"अगं, दुखतंय," धाकटी म्हणाली.

"दुखू दे. बाबांच्या तव्यापुढे उभी आहेस."

मग ती भाचीकडे वळली. "श्वास सोड. घाई नको. तो कुठे पळून जात नाही."

भाची श्वास सोडत असताना मागे धाकटीचे डोळे भरून आले. तिने पुसायला चष्मा वर केला. पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि बाजूला केलं, लेकीला नीट बघता यावं म्हणून.

तवा वाजला. टोप्या निघाल्या. टणत्कार भिंतींवरून फिरून आला, आणि त्याच्यामागोमाग धाकटी "आई गं" म्हणून खाली बसली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही. बुबुळ फाटलं होतं. कपची निघाली, नजर येणार नव्हती.

शिट्टी बाकावर बसून राहिली. तिच्या अंगठ्याला शिसं लागलं होतं. रेंजवर हॉस्पिटलची गाडी येईपर्यंतच्या गडबडीत ती मधेच उठून तव्यापाशी गेली होती. मधल्या खोल खड्ड्याच्या काठाला ताजी राखाडी रेघ होती. तिने ती अंगठ्याने पुसून पाहिली होती. कुणाला विचारायची गरज उरली नव्हती.

क्लबाचे सेक्रेटरी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अपघात आहे, बाई. मनाला लावून घेऊ नका."

"अपघात आभाळातून पडतो का हो?" ती म्हणाली. सेक्रेटरींनी हात काढून घेतला.

धाकटी घरी आली. डोळ्यावर पट्टी. गिऱ्हाइकं अर्धवट कपडे परत न्यायला येऊ लागली, तीही नजर चुकवून. पण घरातलं खरं दुखणं आतल्या खोलीत होतं. भाची भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ताट ठेवलं तसं परत यायचं.

"तुझी चूक नाही गं राणी. मीच मेलीने चष्मा वर केला," आई सांगायची.

"तू चष्मा वर केलास, पण गोळी कुणी मारली? मीच फोडला ना तुझा डोळा?"

यावर धाकटी ताट उचलून स्वयंपाकघरात न्यायची. शिट्टी दारातूनच मागे फिरायची.

धाकटीने तिला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, मला कळतंय तुझ्या पोटात काय चाललंय ते. तव्याचं कुणाशी बोलू नकोस. बाबांचं नाव यात येईल. माणूस गेलाय, त्यांच्यामागे तेवढंच उरलंय. पोर आज ना उद्या सावरेल."

"आणि नाही सावरली तर?"

धाकटीने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शिट्टीने साखळी सोडली. तवा एकटीला उचलेना. ड्रायव्हरकाकांनी दुसरं टोक धरलं. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. दोघांनी तवा बहिणीच्या घरी आणला आणि कापायच्या टेबलावर ठेवला. टेबल कुरकुरलं.

"हे काय आणलंस?" धाकटीचा आवाज चढला. "ताई, मी तुला काय सांगितलं होतं?"

शिट्टीने आतल्या खोलीत जाऊन भाचीला दंडाला धरून उठवलं. लाँड्रीपर्यंत त्या बाप्याला नेलं होतं तसंच टेबलापर्यंत आणलं.

"हात लाव. इथे. हा खड्डा. तू गोळी मारलीस आणि बरोबर मारलीस. मी उभं केलं तिथून, मी सांगितलं तेव्हा. ती परत फिरवली याने. हा खराब झालाय हे मला गेल्या वर्षी माहीत होतं. खांबात कपची रुतली होती, मी स्वतः उकरून काढली. काकांनी बजावलं, मी त्यांनाच टाकून बोलले."

ड्रायव्हरकाका चपलांकडे बघत होते.

"तो बाबांनी टांगला होता," धाकटी म्हणाली. एकाच डोळ्याने ती बहिणीकडे बघत होती आणि ती नजर दोन डोळ्यांना भारी होती.

"बाबांनी टांगला तेव्हा गुळगुळीत होता. खड्डे मी पडू दिले."

"आणि जवळून मारायची रीत? तीही तूच पाडलीस का?"

शिट्टीचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. ती दोरी तिने मुठीत आवळली.

"ती बाबांची. ती चुकीची होती."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. भाची तव्याच्या खड्ड्यावरून बोट फिरवत राहिली, काठावरून आत, पुन्हा काठावर. मग टेबलावर डोकं टेकून ती रडली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. इतके दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. धाकटीने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि बहिणीला म्हणाली, "घेऊन जा ते."

तवा वेल्डरकडे गेला. पुन्हा कुणी कुठे टांगू नये म्हणून तिने तो गॅसने उभा कापून घेतला. रेंजवर आता नुसता बांध आहे आणि कागदाची निशाणं. कुणी पास झालं की लोक सवयीने टोप्या काढतात, जरा थांबतात, आणि काहीच वाजत नाही म्हणून परत घालतात. भाची जेवू लागली, कामाला लागली. रायफलीला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही, आणि मावशीने एका शब्दानेही तसा आग्रह केला नाही.

धाकटी बहिणीशी बोलेना. पण तिला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. एका डोळ्याला सुईचं नेढं जवळ की लांब ते कळत नाही; दोरा शेजारून निघून जातो. म्हणून शिट्टी रोज सकाळी रेंजवर जायच्या आधी बहिणीकडे यायची, खिडकीशी बसायची, दिवसभराच्या सुया ओवून गादीत टोचून ठेवायची. पांढरा, काळा, मग त्या दिवशीच्या कापडाचा रंग. चहा मिळायचा नाही. ती मागायचीही नाही.

असा एक हंगाम गेला. एका सकाळी ती ओवत बसली होती. धाकटीने गादीतली एक सुई उपसली, दोरा बोटाभोवती ताणून पाहिला, आणि मशीनकडे वळता वळता म्हणाली,

"दोरा फार लांब घेतेस. गुंता होतो."

शिट्टीने मान हलवली. पुढच्या सुईला तिने दोरा आखूड तोडला.