बसून आलो!

फोन दाजींच्या नंबरवरून आला होता, म्हणून मी उचलता उचलताच नेहमीसारखा ओरडलो, “काय दाजी, आज किती एचपी?” पलीकडून उत्तर आलं नाही. दाजींना उत्तराला वेळ लागणं ही तशी अशक्यच गोष्ट. मी पुन्हा म्हणालो, “आवाज येतोय का? किती एचपी?” मग माझ्या भाच्याचा, प्रवीणचा, आवाज आला. “मामा, मी बोलतोय... आण्णा गेलं.” दुपारचं जेवून मळ्यातल्या बाजेवर जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. मोबाईल हातात तसाच धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको काय झालं म्हणून विचारत होती, आणि मला मात्र आठवत होतं ते आदल्या दिवशीचं दाजींचं उत्तर. “सकाळी सात होतं, जेवून साडेसात झालं बगा!”

हा एचपीचा हिशेब ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव आण्णासाहेब, पण कुरुंदवाडच्या पंचक्रोशीत सगळे आण्णासोच म्हणत. ऊस, थोडी भाजी, दोन म्हशी आणि नदीवर बसवलेली साडेसात एचपीची पाण्याची मोटर, एवढा त्यांचा संसार. जगातली सगळी ताकद ते या मोटरीनं मोजत. ताप आला की “आज तीनवर हाय”. कुणा पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणायचे, “आवाज धा एचपीचा, पाणी मातुर कुठं पडलं न्हाय.” मी कोल्हापुरात मराठीचा मास्तर, तर माझी ओळख ते चारचौघांत करून द्यायचे ती अशी, “हे आमचं पावणं. अर्धा एचपी, पण बिनआवाजाचं.” मेहुण्यानं हे ऐकून घ्यायचं असतं, म्हणून मी ऐकून घेत असे. खरं तर मला ते फार आवडायचं.

आक्काही काही कमी नव्हती. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मी शाळेत पोरींच्या वह्यांत त्या ‘आलो’खाली लाल रेघ मारून ‘आले’ लिहायचो आणि सुट्टीत कुरुंदवाडला गेलो की सवयीनं आक्कालाही दुरुस्त करायचो. तिनं एकदा लाटणं उगारलं. “मी माझ्या घरात आलो. तुझ्या शाळेत न्हाय आलो.” दाजी ओसरीवरून ओरडले, “पावणं, सरका मागं, ही मोटर डायरेक्ट हाय, हिला स्टार्टर न्हाय!”

या दोघांना मुलगा प्रवीण आणि एकच लेक, सुजाता. तिला दिली चंदगड तालुक्यात. घर चांगलं, जावई चांगला, भाताची शेती, काजूची झाडं... पण ते घर एका चढाच्या डोक्यावर. एसटीच्या निवाऱ्यापासून वर जाणारा जांभ्या दगडाचा, लाल चिखलाचा, नाकासमोर उभा चढ. दाजींच्या जुन्या लहान गाडीला तो कधीच पेलला नाही. निवाऱ्यापाशी आलं की गाडी घरघरायची आणि दाजी हुकूम सोडायचे, “उतरा रं सगळी!” मग प्रवीण एकटा गाडी वर न्यायचा आणि आम्ही पिशव्या सांभाळत, धापा टाकत मागून. लेकीच्या दारात पोचेपर्यंत दाजींचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. ते त्यांना फार लागायचं. तरी आक्काचे गुडघे शाबूत होते तोवर हे हसण्यावारी निघालं. गुडघे गेल्यावर तिला एकटीला गाडीत ठेवून वर नेण्याचा प्रयत्न झाला, तर निम्म्यावर गाडी मागं घसरली आणि आक्कानं जी किंकाळी मारली ती म्हणे गोव्यापर्यंत गेली. त्यानंतर तिनं शपथच घेतली. जावयानं गावातली जीप बोलावतो म्हटलं, तर दाजींचा कोल्हापुरी ताठा आडवा आला. लेकीच्या दारात भाड्याच्या गाडीतून जायचं नाही! परिणाम असा की आक्का खाली निवाऱ्यातल्या बाकावर बसायची आणि सुजाता थर्मासमधून चहा आणि डब्यातून पोहे घेऊन खाली यायची. मायलेकी एसटीच्या निवाऱ्यात भेटायच्या, उतारूंसारख्या. लेकीनं नवं स्वयंपाकघर बांधलं, ते आक्कानं फोटोत पाहिलं. परत येताना ती काही बोलायची नाही. दाजीही बोलायचे नाहीत, आणि दाजी गप्प बसणं म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे.

एका अशाच फेरीनंतर त्यांचा मला फोन आला. “पावणं, मोठी गाडी घ्यायची. शोरूम तुमच्या कोल्हापुरात हाईत, बघून ठेवा.” मला गाडीतलं एवढंच कळतं की तिला चार चाकं असतात आणि पाचवं मागं. पण दाजींचा शब्द. मी जाऊन रंगीत माहितीपत्रकं आणली. सात माणसांची ती एक उंच गाडी सगळ्यांना पसंत पडली आणि खरा तंटा तिथून पुढं सुरू झाला, कारण त्याच गाडीत इंजिनं दोन होती. एक पेट्रोलचं, कमी ताकदीचं, खिशाला बरं. दुसरं डिझेलचं, जास्त ताकदीचं. प्रवीणचं म्हणणं सरळ होतं. “आण्णा, आपल्याकडं चढ कुठं हाय? कुरुंदवाड ते जयसिंगपूर, सगळं ताटासारखं सपाट. वर्षातनं चार खेपा चंदगडला जायला एवढं इंजिन कशाला?” मला ते पटलंही. दाजी म्हणाले, “नदी भरून वाहती तवा तीनची मोटर बी पाणी देती. साडेसातची घ्यायची ती उन्हाळ्यासाठी, नदी खाली जाती तवा. मोटर चढ बघून घ्यायची असती.” यावर प्रवीण म्हणाला, “ही मोटर न्हाय, गाडी हाय.” दाजी म्हणाले, “मग तिच्यात पाणी भरतोय व्हय मी? माणसं भरतोय. माणसं पाण्यापेक्षा जड.” असा तो वाद महिनाभर चालला, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं येऊन त्यात आपापली काडी टाकली.

शेवटी सगळे शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला एक हसतमुख विक्रेता पुढं आला. त्याला दाजींनी पहिल्या वाक्यातच पावणं करून टाकलं. “पावणं, हिची पॉवर सांगा.” तो पाठ केल्यासारखा बीएचपीचे आकडे बोलू लागला. दाजींनी मला विचारलं, “मास्तर, एचपी कळलं, हे बी कशाचं?” मी माहितीपत्रकात बघून वाचलं, “ब्रेक हॉर्सपॉवर.” दाजींचा चेहराच पडला. “ही ब्रेकची पॉवर झाली! मला इंजिनची पायजे. चढाला ब्रेक कोण मारतंय?” विक्रेता हसला खरा, पण ते ब्रेक तिथं का आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, तसंच म्हणतात. दाजी शेवटपर्यंत त्या आकड्याकडं संशयानंच बघत राहिले. मग विक्रेत्यानं टॉर्कचं सांगितलं, की पॉवरनं गाडी पळते आणि टॉर्कनं ओझं उचलते. “मग आदी तेच सांगायचं की!” म्हणत दाजींनी त्याला असा धपाटा घातला की त्याचा टाय खांद्यावर गेला.

चाचणीसाठी विक्रेता हायवेवरून एक चक्कर म्हणत होता. दाजी म्हणाले, “रिकामी गाडी सपाटीवर कुनी बी पळवंल. मी माझी माणसं घालून बघणार, आणि चढावर बघणार.” म्हणून प्रवीण आणि त्याची बायको, मी आणि माझी बायको, सगळ्यांना गाडीत कोंबलं. विक्रेता स्टिअरिंगवर बसला. दाजी पुढं ऐटीत. आणि बघतो तर आक्का बाहेरच उभी. गाडी इतकी उंच की तिचा पाय काही केल्या पायरीपर्यंत जाईना. महिनाभर आम्ही घोडे मोजत बसलो होतो, आणि जिच्यासाठी गाडी घ्यायची तिला आत चढता येईल का, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दाजी काच खाली करून बघत राहिले. मला वाटलं, आता ही म्हणणार, राहू द्या. पण आक्का म्हणाली, “गाडीचं इंजिन काय बी घ्या. आदी मला वर घालणारं एखादं इंजिन बघा!” सगळं शोरूम हसलं. कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणलं, दोघांनी दंड धरले आणि आक्का एकदाची आसनस्थ झाली.

जोतिबाचा डोंगर चढायला घेतला. पहिली पेट्रोलची. बरी चालली होती, पण एका वळणावर पुढं टेम्पो आडवा आला आणि वेग मोडला. तिथून ती उठताना फारच कण्हू लागली. विक्रेत्यानं हळूच हात लांबवून एसी बंद केला. दाजींनी ते टिपलं. “पावणं, वारं का मारलं?” “काका, चढाला जरा पॉवर वाचते.” “म्हंजे माझी माणसं घामानं निथळली की मग गाडी चढणार? घामच गाळायचा तर आमी चालत न्हवतो व्हय जात?” मग खाली येऊन डिझेलची घेतली. त्याच वळणावर दाजींनी मुद्दाम गाडी पूर्ण थांबवायला लावली आणि तिथून उठवायला सांगितली. एसी चालू, आम्ही सगळे आत, आणि गाडी सावकाश, जराही न कुरकुरता वर निघाली. दाजी एवढंच म्हणाले, “उचललं.” प्रवीणनंही मान डोलावली. मागून आक्का म्हणाली, “हितवर आणलंयसा तर देवाला तरी न्ह्या.” म्हणून मग डोंगरावर दर्शन झालं. शोरूममध्ये परत गेलो तेव्हा तो विक्रेता टायसकट गुलालानं गुलाबी झाला होता.

गाडी घरी न्यायच्या दिवशी दाजी येताना कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. त्यांचा स्वतःचा जेवायचा पाट. सागवानी, जाड, कडेला पितळी फुलं ठोकलेला. “हिला चढायला,” म्हणाले. “आणि तुम्ही जेवायला कशावर बसणार?” मी विचारलं. “आता गुडघं मोडत्यात कुठं माझं तरी! टेबलावर बसतो सायबासारखा.” तेव्हापासून तो पाट डिकीत राहिला. आक्काला गाडीत बसायचं असलं की दाजी स्वतः उतरणार, पाट ठेवणार, डुगडुगतोय का ते पंजानं दाबून बघणार आणि मग हात पुढं करणार. प्रवीणला ते हे काम करू देत नसत.

पहिल्या फेरीला मी नव्हतो. मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात कांदे निवडत होतो आणि फोन वाजला. “पावणं, बसून आलो!” एवढं मोठ्यानं, की कांदेवालाही दचकला. “काय झालं दाजी?” “आरं बसून आलो! सगळी बसून आलो! तुमची आक्का सुजीच्या चुलीम्होरं उभी हाय आणि मीठ कुठं ठिवतीस म्हणून तिला दरडावाय लागलीया!” नंतर प्रवीणनं सांगितलं की निवाऱ्यापाशी आल्यावर जुन्या सवयीनं सगळ्यांचे हात दाराकडं गेले होते. तेव्हा दाजी गरजले, “कुनी उतरायचं न्हाय! बसून ऱ्हावा!” वर पोचल्यावर सुजाता पिठाच्या हातांनी धावत आली. आक्का आत गेली, सगळे डबे उघडून बघितले आणि मागच्या दारात काजूच्या झाडांकडं तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिली. त्या दिवशी मी गरजेपेक्षा बरेच कांदे घेऊन घरी गेलो.

पुढं तो आमचा खेळच झाला. चंदगडला जाताना निवारा दिसला की प्रवीण गाडी थांबवायचा, आम्ही मुद्दाम दाराच्या कडीला हात लावायचो आणि दाजी ओरडायचे, “बसून ऱ्हावा!” वर पोचलं की सुजाताला पहिली आरोळी, “बसून आलो गं!” शेजारपाजारचे लोकसुद्धा हसत बाहेर यायचे.

दिवसकार्य झालं, सुजाता सासरी परतली, आणि परवा तिनं आईला चार दिवस पाठवा म्हणून निरोप धाडला. आम्ही निघालो. पुढच्या सीटवर कुणी बसेना, म्हणून तिथं भाकरीचं गाठोडं ठेवलं. गडहिंग्लज मागं पडलं, पुढं काजूची झाडं लागली, निवारा आला. प्रवीणनं गाडी थांबवली. इंजिन चालू होतं. प्रवीण समोर बघत होता, आणि माझा हात, खरंच सांगतो, खेळ म्हणून नव्हे, दाराच्या कडीवर गेला. मला उतरून तो चढ चालावासा वाटत होता. तेवढ्यात माझ्या मनगटावर आक्काचा हात पडला. “बापू, बसून ऱ्हा.” मग प्रवीणच्या खांद्यावर थाप देत, मोठ्यानं, “चल रं! बसून ऱ्हावा सगळी!” गाडी चढली. एक माणूस कमी म्हणून असेल, नेहमीपेक्षा सोपी चढली. ती जरा कण्हली असती तर मला बरं वाटलं असतं.

वर पोचलो तर सगळे उतरले आणि आक्का आतच बसून. सवयीनं वाट बघत होती. मी डिकीतून पाट काढून ठेवला. “डुगडुगतोय की. ह्ये दाबून बघत हुतं,” ती म्हणाली. मी जागा बदलली, पंजानं दाबून बघितलं, हात पुढं केला. दारात सुजाता उभी होती, पदर तोंडाशी, खांदे हलत होते. आक्कानं पाटावर पाय दिला, सावकाश खाली आली आणि लेकीकडं बघून म्हणाली, “रडतीस कशाला? बघ की... बसून आलो.”

आता आमच्या बोलीत हे बाई एकटीबद्दलही म्हणते आणि दोघं मिळून आले तरी असंच म्हणतात. आक्कानं ते कसं म्हटलं, हे मराठीचा मास्तर असूनही मला सांगता येत नाही. मी लाल रेघ मारली नाही. पाटाला लागलेली माती पुसली आणि तो परत डिकीत ठेवला.