सावलीतले काम

१९७२ सालच्या मार्च महिन्यात माझी बदली नगरच्या छावणीत झाली. मी तेव्हा हवालदार होतो. शहराबाहेरच्या उघड्या माळावर रणगाड्यांची फायरिंग रेंज होती. लाकडी टार्गेट्स बनवायला आणि उभी करायला कंत्राटदाराचे बारा मजूर येत. त्यांची हजेरी आणि ड्यूटी माझ्याकडे होती. सहाला फॉल-इन, सातला फायर. टार्गेट्स उभी झाली की मजूर शेडमध्ये बसून फळ्या ठोकत. मैलभरात सावली तेवढीच होती.

बारावा मजूर योहान. जामखेडकडचा, माझ्याच वयाचा. त्याच्या कातडीत जन्मापासून रंग नव्हता. केस आणि भुवया पांढऱ्या, डोळे उजेडाने मिटलेले. मजूर त्याला ‘गोरा साहेब’ म्हणत.

"साहेब हाय म्हनून तर फळ्या वाहतोय," तो हसून म्हणे.

दुसऱ्या आठवड्यात मुकादम सखाराम माझ्याकडे आला. तो माझ्याच पारनेर तालुक्यातला.

"हवालदारसाहेब, त्याला शेडात बसवू नका. अंगावर कोड हाय. आमच्या माठातलं पानी पितो."

"ते कोड नाही."

"मग काय हाय?"

मी योहानला आमच्या मेडिकल ऑफिसरांकडे नेले. कॅप्टनसाहेबांनी त्याच्या उजव्या कानावरची खपली भिंगातून पाहिली.

"हे जन्मजात आहे. कुणाला लागत नाही. पण याच्या कातडीला उन्हापासून संरक्षण नाही. ही खपली आज साधी आहे. उन्हात राबला, तर कॅन्सर होईल."

"औषध, सर?"

"सावली. तुमच्या कंत्राटदाराची बहीण अशाच कातडीची आहे. चाळीस वर्षांची, अंगावर एक जखम नाही. बंगल्याभोवती कडुलिंबाची झाडं आहेत आणि दुपारी बाहेर पडायची गरज नाही. फरक तेवढाच आहे, हवालदार."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली : ‘सावलीतले काम द्यावे.’

त्या बाईंना मी पाहिले होते. शेडचे पत्रे आणायला आम्ही बंगल्यावर गेलो, तेव्हा त्यांनी व्हरांड्यात सर्वांना स्वतःच्या हाताने ताक दिले होते. सखारामने दोन पेले घेतले. "ताईंच्या हातचं ताक लई ग्वाड," असे तो परतताना म्हणालाही होता.

दुसऱ्या सकाळी मी चिठ्ठी वाचून दाखवली.

"मंग त्यालाच बसवा शेडात," सखाराम म्हणाला. "आमी अकरा जन चाललो."

त्या ताकाची आठवण मी त्याला करून द्यायला हवी होती. ती माझ्या ओठांवर आली होती. परंतु मजूर गेले असते, तर फायरिंग थांबले असते आणि जाब मला द्यावा लागला असता. मी चिठ्ठीची घडी करून खिशातल्या पे-बुकात ठेवली.

"योहान, रेंजच्या कडेच्या टेकडीवर जा. फायर संपेपर्यंत लाल झेंडा उभा धरायचा. झेंडा खाली आला की फायर बंद होतं."

"मला नीट दिसत न्हाई, साहेब."

"झेंडा धरायला डोळे लागत नाहीत. नजर ठेवायला पलीकडे जवान आहे."

"आन् डाक्टरसाहेबांची चिठ्ठी?"

"काही दिवसच."

"व्हय." त्याने डोक्याला आणि कानांना टॉवेल गुंडाळला आणि तो चालू लागला.

ते काही दिवस चौदा महिने चालले. टेकडीवर झुडूपसुद्धा नव्हते.

१९७३ चा मे महिना. सकाळचे अकरा चाळीस. वायरलेस सेटवर रेंज ऑफिसरांचा आवाज आला.

"ऑल स्टेशन्स, स्टॉप फायर. फ्लॅग डाऊन. हवालदार, जाऊन पाहा. ओव्हर."

"जातो, सर. आउट."

जीपला सहा मिनिटे लागली. मी रागात होतो. काय बोलायचे ते वाटेतच ठरवले होते.

योहान खडकावर आडवा पडला होता. झेंड्याचा दांडा दोन्ही हातांत घट्ट होता. टॉवेल कानाला चिकटला होता. पाणी लावून तो सोडवला. अर्धा कान उरला नव्हता. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती. चौदा महिने मी रोज त्याची हजेरी घेतली. टॉवेल काढ, असे एकदाही म्हणालो नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी घरी धाडलं असतं." मग त्याने विचारले, "झेंडा पडला ना? कुनाला लागलं तर न्हाई?"

"नाही."

"मंग बरं."

त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये मी लिहिले : ‘फायर वीस मिनिटे खंडित. कारण : झेंडेवाला आजारी.’ मला कोणी काही विचारले नाही.

दवाखान्यात सांगितले, रोग मानेत उतरला आहे, आता करण्यासारखे काही नाही. ऑगस्टमध्ये योहान गेला. त्याच्या गावी, दफनाच्या वेळी, सखारामने खांदा दिला. मेल्यावर कोड आडवे आले नाही. मी मागे उभा होतो. चिठ्ठी खिशात होती, आजही आहे.

कंत्राटदाराच्या बहिणीला मी गेल्या वर्षी पाहिले. साठी ओलांडली आहे. छत्रीखाली चालल्या होत्या. चेहरा नितळ होता. त्यांचा दोष काहीच नाही.

दरवर्षी आम्हा माजी सैनिकांना छावणीत बोलावतात. शहिदांची नावे वाचली जातात. योहानचे नाव त्या यादीत असण्याचे कारण नाही. मी ते मनात घेतो. आमच्यासाठी मंडपात खुर्च्या मांडलेल्या असतात. मी बाहेर, उन्हात उभा राहतो. त्याने काहीही फिटत नाही. माझ्या कातडीला ऊन बाधत नाही.