डबा घेऊन आलेली सून

जामखेडच्या पूर्वेला, माळावरच्या एका वस्तीत केशरबाई राहते. वय पंचावन्नच्या आसपास. शाळेची पायरी कधी चढलेली नाही, कागदावर आजही अंगठाच उठतो. तरी तालुक्यात तिला 'कायदेवाली' म्हणतात. कुणी कौतुकाने म्हणतं, कुणी खवचटपणे. तहसील कचेरीतला शिपाई ती आली की बाक पुसून देतो, आणि लगेच साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगतो.

या बाईला दुपार मात्र सोसत नाही. बारा वाजून गेले, वस्ती सामसूम झाली की तिच्या दारात आरती येऊन उभी राहते. आरती तिची सून, हनुमंतची बायको. तीन वर्षांपूर्वी उसाच्या फडात मेली. ती येते ती तशीच, केसांत पाचट अडकलेलं, आणि हातात जेवणाचा डबा. बोलत काही नाही. एकदा केशरबाई तिला "आत ये, पोरी," म्हणाली, तर ती हललीसुद्धा नाही. देवऋषी, अंगारे यांच्या वाटेला केशरबाई गेली नाही. आरती का येते आणि हातात डबा का असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते दुसऱ्या कुणाला सांगायची तिची छाती नव्हती.

ते कळायला आधी कोयता म्हणजे काय ते कळलं पाहिजे. दिवाळी झाली की या भागातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा बाप्या असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाच्या करारावर नाव आणि सही नवऱ्याची. बायको नवऱ्याइतकाच ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, पण कागदावर ती कुठेच नसते. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की केशरबाईने स्वतः वीस हंगाम तोडणी केली आणि आपलं नाव कुठे आहे असं तिने कधी विचारलं नाही.

आरती गेली त्या वर्षी केशरबाई गुडघ्यांमुळे तोडणीला नव्हती. कोपीवर, फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, राहून भाकरी थापायची आणि दुपारी फडात डबा घेऊन जायची. संक्रांत नुकतीच झाली होती. ती डबा घेऊन बांधावर पोचली तेव्हा ट्रक भरत आला होता. हनुमंत वर उभा राहून मोळ्या घेत होता. आरती मोळी घेऊन फळीवर चढली, वर पोचायला दोन पावलं राहिली आणि फळी सरकली. फळी वरून बांधायची असते, ती हनुमंतने बांधली नव्हती. रोजच कुणी बांधत नसे, घाई असते. आरती मानेवर पडली. केशरबाईच्या हातातला डबा हातातच राहिला.

दवाखान्यात श्रीमंत नावाचा मुकादम तिला बाजूला घेऊन गेला. तो काही राक्षस नव्हे, तिच्याच गावचा, तिला मावशी म्हणणारा. "मावशी, कामावर मेली म्हनलं तर पोलीस हनुमंतला उचलत्यात. फळी त्यानंच बांदली नव्हती. ती डबा घेऊन आली हुती आन् पाय घसरून पडली, एवढंच सांगा. सगळे आसंच सांगत्यात."

पोलीस जमादार दवाखान्याच्या एका खोलीत कागद घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "सून तोडणीला होती का?" केशरबाई म्हणाली, "न्हाई साहेब. घरीच असायची. डबा घेऊन आल्ती." आपण हातात धरलेला डबा तिने मेलेल्या पोरीच्या हातात दिला आणि शाईत अंगठा बुडवला. मुकादमाने गाडी केली, प्रेत गावी आलं, दहाव्याला कावळा लवकर शिवला म्हणून बायकांना बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात आरती दारात येऊन उभी राहिली.

दीड वर्ष असंच गेलं. मग जामखेडच्या कोर्टात नव्याने वकिली करणारी दिशा नावाची मुलगी ग्रामसभेला आली. ऊसतोड बायकांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने व्हावी, असा कायदा मागायचा म्हणून ती गावोगाव फिरत होती. लोकांनी तिला चहा पाजला आणि कानावर हात ठेवले. मागे बसलेल्या केशरबाईने तेवढं विचारलं, "कायदा आपुन मागायचा आसतो व्हय? तो तर वरून येतो."

"वर बसलेल्यांना कुणीतरी खालून सांगावं लागतं, मावशी," दिशा म्हणाली. "कायदा सभागृहात होतो, पण मागता कुणालाही येतो. ग्रामसभेचा ठराव करायचा, सह्या गोळा करायच्या, आमदाराच्या सहीने अर्ज विधिमंडळाच्या समितीकडे पाठवायचा. समिती बोलावते, विचारते. वेळ लागतो, पण वाट आहे."

केशरबाई दुसऱ्या दिवशी तिच्या मागे निघाली ती आजवर थांबलेली नाही. वाडी-वस्ती पालथी घातली. बायांना नाव विचारलं की त्या नवऱ्याचं नाव सांगायच्या. केशरबाई चिडायची. "तुजं नाव सांग. दाल्ल्याला कशाला मदी आनतीस?" म्हणायची. एक राहीबाई नावाची म्हातारी आपलं नाव सांगून तोंडाला पदर लावून हसत सुटली, कारण माहेर सुटल्यापासून तिला कुणी ते विचारलंच नव्हतं. एकवीस गावांचे ठराव झाले. सरपंचांनी टाळाटाळ केली तिथे केशरबाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. आमदारांच्या बंगल्यावर पाच हेलपाटे झाले, सहाव्याला सही मिळाली.

अर्जात दोन मागण्या होत्या. प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद आणि करारावर तिची स्वतःची सही. तिसरी मागणी केशरबाईने घातली. कामावर कुणी मेलं तर घरच्यांचा जबाब मुकादमाला लांब ठेवून घ्यावा, आणि लगेच नव्हे, चार दिवसांनी पुन्हा घ्यावा. दिशा लिहिता लिहिता थांबली. "हे कसं सुचलं, मावशी?" "तू लिव," केशरबाई म्हणाली. दिशाने अर्जाला उदाहरण म्हणून आरतीचं प्रकरण जोडलं.

कारण आरतीची गोष्ट केशरबाई प्रत्येक वस्तीवर सांगायची. ऐकून बाया डोळे पुसायच्या. फळी, मोळी, मान, सगळं खरं सांगायची. शेवटी म्हणायची, "मुकादमानं लिवून दिलं, डबा घेऊन आल्ती म्हनून." तेवढं वाक्य उच्चारलं की बायांच्या घोळक्यात, अगदी मागच्या रांगेत, आरती डबा घेऊन उभी दिसायची. पुढं पुढं अशी वेळ आली, की गोष्ट सांगताना केशरबाई मान खाली घालून बोलायची. लोकांना वाटायचं, दुःख अजून ताजं आहे.

समितीची सुनावणी लागली ती नगरला. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र नगरच ओरडतो. हनुमंत आईबरोबर आला. आरती गेल्यापासून तो फारसं बोलत नसे. दुसरं लग्न त्याने केलं नाही, कोयता पुन्हा हातात धरला नाही, जामखेडला हमाली करत होता. घरात आरतीचं नाव दोघांपैकी कुणी काढत नव्हतं. तो हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

पहिल्या दोन मागण्यांवर सदस्य माना डोलावत राहिले. तिसरी आली तसा पोलीस खात्याचा एक अधिकारी फाईल घेऊन उभा राहिला. त्याचा आवाज सभ्य होता. "नातेवाइकांचे जबाब आम्ही घेतोच. अर्जातलंच उदाहरण घ्या. मयत बाई कामगार नव्हती, जेवणाचा डबा घेऊन आली होती, असा सासूचा जबाब आहे. अंगठा आहे. मुकादमाने लिहून दिलं हे म्हणणं चुकीचं दिसतं. उदाहरणच खोटं असेल तर मागणीला आधार काय?"

कागद कुठेतरी जपून ठेवलेला असतो आणि तो असा उठून बोलतो, हे केशरबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारी दिशा पांढरीफटक पडली. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, हा अंगठा कुणाचा?"

माझा नाही म्हणायला काय लागत होतं? मुकादमाने जबरीने घेतला म्हणायलाही काही लागत नव्हतं. एकवीस गावच्या बाया तिच्या शब्दावर नावं देऊन बसल्या होत्या. अर्ज बुडाला तर तो तिच्यामुळे बुडणार होता. तिने वर बघितलं. अध्यक्षांच्या खुर्चीमागे आरती उभी होती.

"माजाच हाय," केशरबाई म्हणाली. "आन् मी खोटं बोलले. माजी सून कामावरच मेली. डबा मी आनला हुता. मुकादम शेजारी, जमादार म्होरं, पोरगं कोठडीत जाईल हे भ्या, आन् प्रेत अजून गरम. आसल्या येळंला मानूस खरं बोलत न्हाई, साहेब. म्हनून ती तिसरी मागनी हाय."

अध्यक्षांनी कारकुनाला ते शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं. शिफारस करू म्हणाले. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे दिशाने बाहेर आल्यावर समजावून सांगितलं. आणि खोट्या जबाबाबद्दल तुम्हाला नोटीस येऊ शकते, हेही सांगितलं. सरकारी कागद मुंबईपर्यंत किती सावकाश जातात आणि वाटेत किती टेबलांवर झोपतात, ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

परतीच्या गाडीत हनुमंत शेजारी बसला नाही. ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिला, जामखेडपर्यंत. घरी आठ दिवस त्याने आईशी शब्द काढला नाही. केशरबाईला ते रास्तच वाटलं. ज्याच्यासाठी आपण पोरीला कागदावरून पुसलं, त्याने तोंड फिरवलं, तर बोलायचं कुणाला?

नवव्या दिवशी शेजारच्या वस्तीवर बैठक होती. बाया पुढे, बापे मागे लिंबाखाली. केशरबाईने पहिल्यांदा गोष्ट खरी सांगितली. डबा कुणी आणला होता, अंगठा कुणाचा होता, सगळं. बाया कुजबुजायला लागल्या. एक पोक्त बाई उठली. "आपल्या सुनंला मेल्यावर खोटी पाडलीस, आन् आमची नावं मागत हिंडतीस?" म्हणाली आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी दोघी उठल्या. केशरबाईने हातातले सह्यांचे फॉर्म खाली ठेवले.

मागून कुणीतरी बोललं, "थांबा जरा." हनुमंत होता. तो कधी आला ते तिने पाहिलं नव्हतं.

"जबाब घेतला त्या खोलीच्या दाराआड मी हुतो," तो म्हणाला. "सगळं आयकत हुतो. आई खोटं बोलायला न्हाई म्हनंल, ती तसं म्हनली की आत जायाचं आन् सांगायचं, फळी मी बांदली न्हाई, माजी बायकू कामावर मेली. पाय उचलून ठिवला हुता. आईनं खोट्याला नकार दिलाच न्हाई. मंग मी बी आत गेलो न्हाई. ती एकटी खोटं बोलली न्हाई."

उठलेल्या बाया होत्या तिथेच उभ्या राहिल्या. केशरबाई पोराकडे बघत राहिली. ज्याला वाचवायला ती खोटं बोलली, तो भिंतीपलीकडे तिच्या एका नकाराची वाट बघत उभा होता. ती तिथेच, फॉर्मांच्या गठ्ठ्याशेजारी, मातीत बसली.