सरळ रस्त्यावरचं वळण

चैत्र सरता सरता सुप्याच्या कारखान्यांमागच्या रस्त्यावर संध्याकाळी एक वास उतरतो. दिवसभर तापलेलं डांबर, कुठल्याशा शेडमधून येणारा रंगाचा उग्र दर्प, आणि कुंपणाबाहेर चुकून राहून गेलेल्या एका कडुलिंबाचा कडवट-गोड मोहोर, असं सारं त्यात कालवलेलं असतं. पण त्या रस्त्यावर एका ठरावीक जागी, जेमतेम चार पावलांपुरता, शेवाळाचा वास येतो. जुन्या, ओल्या, उन्हाचं तोंड न पाहिलेल्या दगडावरच्या शेवाळाचा. हे कोणी मला वर्षभरापूर्वी सांगितलं असतं, तर डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडत जा, उन्हं वाईट आहेत, एवढंच मी त्याला म्हटलं असतं.

मी मूळची कोपरगावची. गोदेच्या काठची, कालव्याच्या पाण्यावर आणि उसाच्या मळीच्या वासावर वाढलेली. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, त्यामुळे माणसापेक्षा नकाशावर माझा विश्वास जास्त. निवृत्तीनंतर लेकीकडे सुप्याला आले. लेक आणि जावई दोघंही कारखान्यात. दिवस कसाबसा जाई, पण संध्याकाळ अंगावर येई. भोंगा वाजला, पाळी सुटली, गाड्या निघून गेल्या, की त्या रुंद रस्त्यांवर इतका शुकशुकाट पसरे, की दूर डोंगरावरच्या पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसत आणि उगाच वाटे, आपल्याला कोणीतरी हातानं खुणावतंय.

अशात गावात आरोग्य शिबिर झालं आणि एका तरण्या डॉक्टरीणबाईनं आम्हा म्हाताऱ्यांच्या मोबाईलमध्ये चालण्याचं एक ॲप घालून दिलं. त्याची रीत मोठी मजेची होती. एकटं कितीही चाला, पडद्यावर मोगऱ्याची कळी मिटलेलीच राहायची. दुसरा मोबाईलवाला जवळपास चालत असला, तरच तिचं फूल व्हायचं. शिवाय चाललेल्या वाटेची एक निळी रेघ नकाशावर उमटायची. नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून झालेल्या बायका त्या खोट्या मोगऱ्यासाठी अशा झुरू लागल्या, की मला हसू आवरेना. आठवड्याभरात मीही त्यांतलीच झाले, हा भाग वेगळा.

मला त्यांच्यात ओढलं ते अंजिराबाईंनी. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, तोंडाचा पट्टा अखंड चालू. साखरेनं त्यांच्या तळपायांची जाणीव मंदावली होती. चाललात तर पाय राहतील, असं डॉक्टरीणबाईनं तोंडावर सांगितलं होतं. म्हणून त्या माझ्या कोपराला धरून चालायच्या, आणि लोणच्याच्या कैऱ्यांपासून सुनेच्या भाकरीपर्यंत सगळ्या जगाचा पंचनामा करायच्या. त्यांची जमीन या कारखान्यांखाली गेली आहे, हे मला इतरांकडून कळलं. त्या स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मीही कधी विचारलं नाही.

एके दिवशी त्यांचा मुलगा संपत आमच्या घरी आला. चाळिशीचा, कारखान्यात मशीनवर काम करणारा, अबोल माणूस. आईचा मोबाईल त्यानं माझ्यापुढे धरला. नकाशावरचा रस्ता पट्टी लावून आखल्यासारखा सरळ होता. निळी रेघही त्याच्यावरून सरळ येत होती, पण एका जागी ती डावीकडे फुगून अर्धवर्तुळ घेत होती आणि पुन्हा जागेवर येत होती. त्यानं आदला दिवस दाखवला, त्याच्या आदला दाखवला. रोज तीच जागा, तेच अर्धवर्तुळ.

"बाई, तिथं आमची विहीर हुती," तो म्हणाला.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. विहिरीच्या काठावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. पाण्यातल्या त्या सात जणींचा मान मोठा. तिथून जाताना पायातलं काढायचं आणि विहीर उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, अशी घरातली शिस्त. जमीन गेली तेव्हा त्याच्या वडिलांनी ओटी भरून, नारळ देऊन, आसरांना दुसऱ्या जागी नेण्यासाठी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेले, तर विहीर मुरमानं भरून वरून रोलर फिरलेला. दगडही आत गेले. न विचारता पाणवठा बुजवला, याची वडिलांनी हाय खाल्ली आणि त्याच सालात ते गेले.

"आता आईला ती विहीर दिसाया लागली. भास हायेत ते. उद्या गाडीखाली आली म्हंजी? पुन्याला बहिनीकडं ठिवतो तिला. अकराव्या मजल्यावर राहती ती. तिथून कुटं भरकटनार न्हाई."

पुण्याचं नाव निघालं की अंजिराबाई काय म्हणत, ते मी ऐकलं होतं. तिथं माती न्हाई, मानूस न्हाई, मला नुसती ठिवून देतील. त्या पायांना तिथं चालवणार कोण होतं? आणि खरं सांगायचं तर, माझी संध्याकाळ कोणाच्या हाती राहणार होती?

मी माझा मोबाईल उघडला. माझी रेघही तिथेच वळलेली होती. मी विजयी मुद्रेनं ती त्याला दाखवली. तो म्हणाला, तुम्ही तिचा हात धरून चालता, वळणारच की. मी म्हटलं, पत्र्याच्या शेडमुळे नकाशा चुकत असेल. त्यावर त्यानं स्वतःच्या मोबाईलमधल्या साध्या नकाशावर आपल्या जाण्यायेण्याची रेघ दाखवली. तो रोज मोटारसायकलवरून त्याच रस्त्यानं जातो, आणि त्याची रेघ सुतासारखी सरळ होती.

"मग मी एकटी चालून पाहते," मी म्हटलं. "माझी रेघ सरळ आली, तर तू तुझ्या आईला ने. वळली, तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही." बोलून गेले आणि जीभ चावली. अंजिराबाईंना न विचारता मी त्यांचं सगळं आयुष्य माझ्या दोन पायांवर लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यांची सुट्टी होती. गुडघा दुखतो अशी थाप मारून मी त्यांना घरी ठेवलं आणि ऊन उतरल्यावर निघाले. मुद्दाम वळून यावं, असं मनात आलं नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर पोरांना नकाशा खोटा काढू नका म्हणून छड्या मारलेल्या हाताला, म्हणजे पायाला, ते जमेना. रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा आहे. मी त्या पट्ट्यावरून चालायचं ठरवलं आणि मान खाली घालून, रंगावर नजर खिळवून चालू लागले. पश्चिमेचा उजेड पिवळा होत होत राखी झाला. कडुलिंब मागे पडला. आणि मग तो वास आला.

आधी वास, मग गारवा. माठावर हात ठेवावा तसा, फक्त उजव्या गालाला लागणारा. झाडावरच्या पाखरांचा कलकलाट एकाएकी लांब गेला. मी मान वर केली नाही. पायांखाली पांढरा पट्टा होता, पुढच्या पावलाखालीही होता, हे मी शपथेवर सांगेन. थोड्या वेळानं पुन्हा डांबराचा उष्ण दर्प आला आणि माझा श्वास मोकळा झाला. मी सरळ आले होते. म्हणजे अंजिराबाई जाणार होत्या. रस्त्याच्या टोकाला एका दगडावर बसून मी रडले.

घरी येऊन मोबाईल उघडला. निळी रेघ त्या जागी डावीकडे फुगून, अर्धवर्तुळ घेऊन परत आली होती. आणि खाली, एकटीनं चाललेल्या माझ्यासाठी, मोगऱ्याचं फूल पूर्ण उमललं होतं. मला भीती वाटली. मी मोबाईल पालथा घातला आणि देव्हाऱ्यातला दिवा लेकीला लावायला सांगितला.

सकाळी संपत आला. कालच्या फुलाचा उलगडा त्यानंच केला. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून त्यानंही मोबाईलमध्ये ते ॲप घेतलं होतं आणि लांबून, न बोलता, तो माझ्या मागोमाग चालत आला होता. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी हसले देखील. म्हटलं, बघ, माझीही रेघ वळली. नकाशाच चुकतो तुमचा.

तो हसला नाही. "नकाशा न्हाई चुकत, बाई. तुमी वळलात. पट्टा सोडून पार कडंला गेलात आन् परत आलात. म्या बघितलं. हाक मारनार हुतो."

मग त्यानं आपला मोबाईल माझ्यापुढे ठेवला. त्याची रेघ माझ्या रेघेच्या मागून आली होती आणि त्याच जागी तशीच फुगली होती.

"मला वाटलं, मी सरळ चाललोय," तो म्हणाला. त्यानं मोबाईल उचलून खिशात घातला. नंतर म्हणाला, "रोज गाडीवरनंच जातो ना. विहीर बुजवल्यापासून त्या वाटंला पाय लावलाच न्हवता."

पुण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

त्या संध्याकाळी अंजिराबाई नेहमीसारख्या माझ्या कोपराला धरून चालत होत्या. कैऱ्या महागल्या, सुनेनं मीठ जास्त टाकलं, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा, असं सगळं सांगत होत्या. कडुलिंब मागे पडला. त्या बोलता बोलताच वाकल्या, चपला हातात घेतल्या, आणि बोलणं न थांबवता डावीकडे सरकल्या. इतके दिवस त्यांच्या शेजारून चालताना हे माझ्या नजरेला कसं पडलं नव्हतं, देव जाणे.

मी धीर करून विचारलं, "अंजिराबाई, विहीर इथंच होती का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या ढ पोराकडे मी पाहत असे तसं.

"हुती कशाची? हाय की."

मी चपला काढल्या. डांबर चांगलंच तापलेलं होतं, तळवे पोळत होते. दोन पावलं पुढे टाकली, आणि ते गार लागलं.